तांडेलापुढचा पडदा

(काशीद येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणातून)



काशीदच्या वाळूवर पर्यटकांची वर्दळ असते. परंतु उत्तरेस कोर्लई-बोर्ली आणि दक्षिणेस मुरूड-एकदरा येथील कितीतरी घरांच्या चुली अद्याप मासेमारीवरच पेटतात. त्यांच्या होड्यांत आलेल्या नव्या यंत्रांविषयी मला बोलावयाचे आहे.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही १९९९ मध्ये स्थापन झालेली सरकारी संस्था. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य उपग्रहांवरून टिपून मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे, ते ती कळवते : बंदरापासूनची दिशा, किलोमीटरमध्ये अंतर, मीटरमध्ये खोली, अक्षांश, रेखांश. २०१९ मध्ये आलेले ‘जेमिनी’ उपकरण ही माहिती आणि वादळाचे इशारे भर समुद्रात मोबाइलच्या पडद्यावर उतरवते. शास्त्रज्ञांचे हे काम निःसंशय मोलाचे आहे.

परंतु तांडेल निर्णय कसा घेतो? आपले जुने तांडेल खोली वावांत मोजतात. एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. अंतर त्यांना डिझेलवरून आणि तासांवरून कळते. टाकीत डिझेल किती, बर्फ किती उरला, भरती केव्हा, वारा कोणीकडचा, या साऱ्याचा मेळ घालून एकच गोष्ट ठरवावयाची असते : पुढे जायचे की परतायचे. पडदा आकडे देतो. मेळ मात्र रात्री, हेलकावणाऱ्या होडीत, ओल्या हातांनी तांडेलानेच घालावयाचा. फेरी फुकट गेली तर तिचा खर्च, जेथे वाट्याची पद्धत आहे तेथे, खलाश्यांच्याही अंगावर पडतो. माहिती वाढली की अवधानाची टंचाई होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. पुढे १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले तेही अर्थशास्त्राचे, हे आमच्या व्यवसायाचे भाग्यच!

‘जेमिनी’वर संदेश येतो, उत्तर जात नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुरू झालेल्या सुमारे ३६० कोटींच्या योजनेत एक लाख होड्यांना दुतर्फा संदेशांचे ट्रान्सपॉन्डर देण्याचे ठरले. तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र पडद्यावर आधी काय दिसावे, हे ठरविताना तांडेलाचे मत कितपत घेतले जाते?

नॉर्वेत १९७० च्या दशकाच्या आरंभी क्रिस्टन नीगोर या संगणकशास्त्रज्ञाने धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. संगणक कारखान्यात येण्यापूर्वी कामगारांनीच त्याचा अभ्यास केला. १९७५ मध्ये तेथे कामगारांचा हा अधिकार मान्य करणारा देशव्यापी करार झाला.

आपल्या मच्छीमार सहकारी संस्थांना हे अशक्य नाही. पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात. त्या दिवसांत अभियंत्यांना येथे बोलवावे आणि तांडेलांनी त्यांच्यापुढे मागण्या ठेवाव्यात : खोली वावांत दाखवा, वादळाचा इशारा सर्वांत आधी आणि मराठीत ऐकू येऊ द्या, बंदर गाठावयास किती तास लागतील ते त्याच्याच शेजारी लिहा.