दरडोई खर्चाचा हिशेब



मुंबई महानगरपालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा. त्यात शिक्षणाच्या वाट्याला 3,955 कोटींच्या आसपास. आकडा छापून आला, की कुणीतरी त्याला पटसंख्येने भागतो आणि म्हणतो, 'एका मुलामागे एवढे? यात खासगी शाळेची फी भागली असती!' भागाकार चुकत नाही, पण त्यातून शाळेचं काहीच कळत नाही.

पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमीळ, तेलुगू आणि कन्नड. समजा, एखाद्या कन्नड वर्गात पंधराच मुलं आहेत. शिक्षकाचा पगार पंधरांत वाटला जातो आणि दरडोई खर्च फुगतो. गोवंडीतल्या वर्गात साठ मुलं कोंबली, तर तोच पगार साठांत विभागून मूल 'स्वस्त' पडतं. आता पाहा, 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व विभाग, म्हणजे हाच गोवंडी-मानखुर्दचा पट्टा, सगळ्यांत तळाला होता. गरज जास्त तिथे खर्च कमी, आणि कागदावर त्याचं नाव काटकसर!

पालिका मुलांना गणवेश, बूट, दप्तर, वह्या अशा 27 वस्तू मोफत देते. चांगलंच आहे, जून महिन्यात घरावरचा भार हलका होतो. पण बापाचं बांधकामावरचं काम संपलं म्हणून दिवाळीआधी शाळा बदलावी लागलेल्या मुलीला हवं असतं ते मागे पडलेलं वाचन शेजारी बसून करून घेणारं माणूस. वस्तूंच्या टेंडरात ते कुठून येणार?

न्यू यॉर्कने 2007 पासून शाळांना पैसे वाटताना गरजेचा हिशेब धरला. अभ्यासात मागे असलेल्या, इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलामागे शाळेला जादा रक्कम मिळते. तिथेही वाद संपलेले नाहीत, पण निदान ते मुलांच्या गरजांवरून होतात.

आपल्या कायद्यातही वाट आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळा विकास आराखडा समितीने करायचा आणि अनुदान त्याच्या आधारे ठरायचं. तुमचं मूल पालिकेच्या शाळेत असेल, तर पुढच्या बैठकीत सही करण्याआधी तो आराखडा वाचून दाखवायला सांगा. वाचनात मागे पडलेली मुलं किती, हे त्यात लिहिलेलं नसेल, तर आधी ते लिहून घ्या.