जडत्व कोणाचे?

(बोरी अरब, ता. दारव्हा येथे विद्यार्थी, शिक्षक व शेतकरी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘गतीचे नियम आणि मनुष्याचे वर्तन’ असा विषय आपण मला दिला आहे. ज्याने सारी हयात अर्थशास्त्र शिकविण्यात घालविली त्याने न्यूटनविषयी बोलावे हे धाडसच म्हणावयाचे. परंतु हे धाडस माझ्या शास्त्राने दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये १८७१ साली जेव्हन्सने आणि पाठोपाठ १८७४ साली वालराने अर्थशास्त्राची मांडणी यामिकीच्या धर्तीवर केली. बलाच्या जागी त्यांनी उपयोगिता बसविली आणि मागणी-पुरवठा जेथे एकमेकांना तोलून धरतात त्या बिंदूला समतोल म्हटले. अमेरिकेतील अर्व्हिंग फिशर याने तर पाण्याच्या टाक्या, नळ्या आणि तरफा जोडून बाजारपेठेची एक चालती प्रतिकृतीच तयार केली. आमच्या बाजूची मंडळीही या मोहापासून दूर नव्हती. आधुनिक समाजाच्या गतीचा आर्थिक नियम उघड करणे हेच आपल्या ग्रंथाचे अंतिम उद्दिष्ट असल्याचे मार्क्सने ‘भांडवल’च्या १८६७ सालच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. हा शब्दप्रयोग त्याने निष्काळजीपणे केलेला नाही.

स्वतः न्यूटनची हकीगत येथे सांगण्यासारखी आहे. १७२० साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीच्या समभागांचे भाव भडकले, तेव्हा त्याने आपले समभाग चांगल्या नफ्यात विकून टाकले होते. भाव आणखी चढताना पाहून त्याला राहवले नाही. त्याने ते पुन्हा चढ्या दराने घेतले आणि भाव कोसळताच हजारो पौंड गमावले. ग्रहांच्या कक्षा गणिताने बांधणारा हा मनुष्य तेव्हा सरकारी टाकसाळीचा प्रमुख होता, म्हणजे पैशाचे व्यवहार त्याला परके नव्हते. ग्रह कोणाचे पाहून कक्षा बदलत नाही, माणूस मात्र शेजाऱ्याकडे पाहून बदलतो, एवढा बोध त्यातून घेऊन मी पुढे जातो.

तुलना करू नये असे माझे म्हणणे नाही. माझी तक्रार निराळी आहे. समाजाला गतीचे नियम लावणारे लोक बहुधा ते नियमच नीट वाचत नाहीत.

पहिला नियम घ्या. बाहेरून असंतुलित बल लागू झाले नाही तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहते. याला आपण जडत्व म्हणतो. हा शब्द शहरी विद्वानांच्या हाती लागला आणि त्यांनी तो खेड्यावर फेकला. वऱ्हाडचा कोरडवाहू शेतकरी कापूस सोडीत नाही, कारण तो जड आहे, परंपरेला चिकटलेला आहे. नवे स्वीकारीत नाही, कारण त्याचा तो स्वभावच आहे. ही वाक्ये मी परिसंवादांत ऐकली आहेत, अहवालांत वाचली आहेत, आणि लाज बाळगून सांगतो, तरुणपणी वर्गात उच्चारलीही आहेत.

आता पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना विचारा. टेबलावर पुस्तक स्थिर आहे याचा अर्थ त्याच्यावर बल नाही असा होतो काय? मुळीच नाही. पृथ्वी त्याला खाली ओढते आहे, टेबल त्याला वर रेटते आहे. दोन्ही बले सारखी म्हणून पुस्तक हलत नाही. विरामाचा अर्थ बलांचा अभाव असा नसून बलांची बेरीज शून्य असा आहे. दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. जो शेतकरी जागचा हलत नाही त्याच्याकडे पाहून त्याच्या स्वभावावर प्रवचन देण्यापूर्वी त्याच्यावर चारी बाजूंनी काय काय ओढते आहे ते मोजावयास हवे.

अडाणच्या काठावरील आपल्याच परिसरात ते मोजून पाहा. कापसाची मुळे खोल जातात. पावसाने पंधरवडा दडी मारली तरी पऱ्हाटी तग धरते. वेचणी एकदम संपत नाही, दोन-तीन वेचे होतात आणि दर वेच्यामागे हाती थोडा पैसा येतो. कापूस घरात रचून ठेवता येतो. बी, खत, औषध उधारीने देणारा कृषी केंद्रवाला कापसाच्या भरवशावर देतो, ज्वारीच्या भरवशावर देत नाही. पीककर्ज वेळेवर न मिळाले तर सावकार आहेच, आणि त्यालाही हंगामाच्या अखेरीस विकले जाणारे पीक हवे असते. उलट बाजूला भावाची अनिश्चिती आहे, बोंडअळी आहे, वेचणीची मजुरी आहे. हा मनुष्य जड नसून ताणलेला आहे.

त्याच्या अंगी जडत्व असते तर इतिहास वेगळा झाला असता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस तुटला आणि भाव कडाडले. तेव्हा याच वऱ्हाडात कापूस भराभर पसरला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि शेतसारा व कर्ज मागे राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आकडे तपासून धर्म नारायण यांनी १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही कापसासारख्या नगदी पिकाखालील जमीन भावाच्या मागोमाग कमीजास्त होते असेच दिसले. अलीकडचे उदाहरण तर तुमच्या डोळ्यांसमोरचे आहे. बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दहा वर्षांच्या आत देशातील कापसाच्या दर दहा एकरांपैकी नऊ एकर त्याखाली गेले. याच काळात विदर्भाने लक्षावधी एकर सोयाबीन पेरले. एवढ्या वेगाने आमच्या विद्यापीठांनी एखादा अभ्यासक्रम बदलल्याचे मला स्मरत नाही.

आणि तरीही तो दोष त्याच्याच माथी मारला जातो. २०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. रुग्णालयांत शेकडो दाखल झाले. तोंडाला फडके बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत, सूचना वाचल्या नाहीत, असा सूर तेव्हा लगेच निघाला. आता बले मोजा. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. गुलाबी बोंडअळीने बीटीच्या विषाला दाद देणे सोडले होते, म्हणून औषधे मिसळून पुन्हा पुन्हा मारावी लागत होती. कोणते औषध मारावे हे विकणाराच सांगत होता. फवारणारा पुष्कळदा रोजाने आलेला मजूर होता. दुपारच्या उकाड्यात रबरी पेहराव चढवून त्याची पंपांची संख्या घटली तर त्याचा रोज घटतो. या साऱ्यातून एक निष्काळजीपणा तेवढा उचलून दाखविणे म्हणजे टेबल आणि पृथ्वी दोन्ही विसरून पुस्तकाच्या आळसाची चर्चा करणे होय.

खरे जडत्व पाहावयाचे असेल तर ते दारव्ह्याच्या रुळांवर पाहावे. यवतमाळहून दारव्हामार्गे मूर्तिजापूरला जाणारी आपली अरुंदमापी शकुंतला विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी सुरू झाली. मार्ग एका खाजगी कंपनीच्या मालकीचा, व्यवस्थापन किलिक निक्सनचे. देश स्वतंत्र झाला, १९५१-५२ च्या सुमारास रेल्वेमार्गांचे एकत्रीकरण होऊन भारतीय रेल्वे उभी राहिली. पण या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली आणि सरकारी रेल्वे त्यावर आपली गाडी चालवून कंपनीला दशकानुदशके मोबदला देत आली. मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होते. आता गाडी बंद आहे. पण कोणी त्या कराराला परंपराग्रस्त म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. जडत्व हा शब्द आम्ही माणसांसाठी राखून ठेवला आहे. मालमत्तेच्या जडत्वाला आम्ही करारपालन म्हणतो.

दुसऱ्या नियमावर फार थांबत नाही. तेवढ्याच बलाने हलक्या वस्तूला अधिक त्वरण मिळते, जड वस्तूला कमी. क्विंटलमागे हजार रुपये भाव पडला तर पन्नास एकरवाला मुलीचे लग्न पुढच्या वर्षावर टाकतो आणि दोन एकरवाल्याचे दोन एकर गहाण पडतात. येथवर तुलना चालते. पुढे मात्र ती मोडते, कारण निसर्गात वस्तुमान हे बल निर्माण करण्याच्या खटपटीत नसते. समाजात ज्याचे वजन मोठे तो नुसताच कमी हलत नाही. इतरांना हलविणारे बल कोणत्या दिशेने लागावे हेही तो ठरवितो.

तिसऱ्या नियमाची समाजात सर्वांत अधिक विटंबना झाली आहे. प्रत्येक क्रियेला समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते, हे वाक्य दंगलींच्या समर्थनार्थसुद्धा वापरले गेलेले आपण पाहिले. नियम काय सांगतो? मी भिंतीला रेटले तर भिंत मला रेटते. तेवढ्याच जोराने, त्याच क्षणी. प्रतिक्रिया रेटणाऱ्यावरच होते, तिसऱ्यावर कधीही होत नाही. समाजात नेमके उलटे घडते.

२०२५ सालचेच पाहा. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात पन्नास टक्क्यांवर नेली. कापड आणि तयार कपड्यांचा धंदा अडचणीत आला. अमेरिकेच्या या रेट्याला दिल्लीतून जी हालचाल झाली तीत एक अशी होती की परदेशी कापसावरील आपली अकरा टक्के आयात जकात १९ ऑगस्टपासून प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठविण्यात आली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा हा हेतू. गिरणीत काम करणाऱ्याचे पोटही मी विसरत नाही. परंतु ज्या महिन्यांत यवतमाळचा शेतकरी वेचा करून कापूस विकावयास काढतो त्याच महिन्यांत ही दारे उघडली. रेटणारा वॉशिंग्टनमध्ये, रेटा बसला तो बोंडाला. येथून तो आणखी खाली जातो. भाव पडला की वेचणीला येणाऱ्या बाईचा किलोमागचा दर ओढाताणीत सापडतो. तिच्या खाली कोणी नाही.

रेटणाऱ्यालाच उलट रेटता येत नाही असे नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, निकाल आपल्या बाजूने मिळविला, आणि प्रतिजकातीची धमकी देऊन अखेर २०१४ साली तीस कोटी डॉलर घेऊन तंटा मिटविला. त्याच अनुदानांविरुद्ध बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी २००३ पासून गाऱ्हाणे मांडले. त्यांच्या हाती आश्वासने पडली. क्रिया एकच होती. समान प्रतिक्रियेसाठी प्रथम समान होणे भाग असते.

डॉ. लोहियांनी भूमिगत असताना लिहिलेल्या ‘मार्क्सोत्तर अर्थशास्त्रा’त हीच उणीव दाखविली होती. मार्क्सने गतीचा नियम शोधला तो पश्चिम युरोपच्या आतल्या वर्तुळापुरता. त्या वर्तुळाला पोसणारे वसाहतींचे बाहेरचे वर्तुळ त्याच्या समीकरणात नीट आले नाही. पदार्थविज्ञानाच्या भाषेत बोलावयाचे तर त्याने उघडी व्यवस्था बंदिस्त मानली. लोहियांच्या सर्वच निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण दारव्हा तालुक्यात उभे राहून हा मुद्दा नाकारणे मला जमणार नाही. १८६१ साली आपण बाहेरच्या वर्तुळात होतो. आज त्या वर्तुळाची रेषा आपल्या देशाच्या आतूनही जाते.

आणि जेथे वर रेटता येत नाही, खाली रेटण्याची ज्याची वृत्ती नाही, त्याचे काय होते? १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पवनारजवळ पत्नी व मुलांसह जीवन संपविले. तो दिवस आठवून अनेक लोक आजही दरवर्षी एक दिवस अन्नत्याग करतात. त्यानंतरची मालिका आपण जाणता. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली, मालिका थांबली नाही. आत्महत्येला प्रतिक्रिया म्हणणारे लेख मी वाचतो तेव्हा मला राहवत नाही. ज्याने रेटले त्याच्यावर तिचा गुंजभरही भार पडत नाही. प्रतिक्रियेची वाट बंद झाल्यावर जे घडते ते हे आहे.

एका ठिकाणी मात्र न्यूटन आपल्याला सोडून जातो, आणि ते बरेच आहे. धोंडा आपण होऊन हलत नाही. १९३० साली सारा देश मिठाचा कायदा मोडीत होता. यवतमाळला समुद्र नाही, मीठ कोठून आणावयाचे? त्या जुलैत लोकनायक बापूजी अणे पुसदकडे गेले आणि राखीव जंगलातील गवत कापून त्यांनी कायदा मोडला. बापूजी समाजवादी नव्हते, त्यांची पुष्कळ मते आपल्याला पटणारी नाहीत. पण जंगलाचा कायदा कित्येक वर्षांपासून होता, गुरांची उपासमार होती, जंगलखात्याचा जाच जुनाच होता. बाहेरून नवे बल आलेले नव्हते. शिक्षेची धास्ती आणि चाऱ्याची गरज आजवर एकमेकांना तोलून धरीत होत्या. शेकडो लोक एकत्र येताच धास्तीचे पारडे वर गेले. पुस्तकाला टेबल कळत नाही. या लोकांना कळले होते.

विज्ञानाच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपण मुलांकडून वस्तूवर लागणाऱ्या बलांच्या बाणांची आकृती काढून घेता. येत्या सुट्टीत प्रत्येक मुलाकडून अशी एक आकृती आपल्याच घरच्या शेतीची काढून घ्या. ज्यांच्याकडे शेती नाही त्यांनी आईच्या मजुरीची काढावी. उधारी कोणाची, व्याज किती, कापूस कोणत्या महिन्यात विकला, खेडा खरेदीवाल्याला की सीसीआयच्या केंद्रावर, तेथे नोंदणीला किती दिवस लागले, वेचणीचा दर काय दिला किंवा घेतला. बाणांची लांबी आकड्यांप्रमाणे असू द्या. कोणाची नावे नकोत. वह्या जमल्या की मला पत्र टाका, मी पुन्हा येईन आणि आपण त्या एकत्र बसून वाचू.