ताप उतरला तरी सावध असा



मी कापडाचा व्यापारी, वैद्यकशास्त्राचा अधिकारी नव्हे. तथापि चातुर्मास आला की सातारा-सांगलीकडे डेंग्यूचे नाव कानी येऊ लागते, म्हणून डॉक्टरांकडून समजून घेतलेले आपणांपुढे मांडतो.

एकाएकी चढणारा ताप, डोळ्यांमागे वेदना, अंग मोडून येणे ही या व्याधीची सुरुवात. तीन ते सात दिवसांत ताप उतरतो आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. खरा धोका बहुधा तेथूनच सुरू होतो. पुढील चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागला, तर रक्तदाब खालावतो. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळे शौच, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, रुग्ण सुस्त वा बेचैन होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी सकाळची वाट पाहू नये, रुग्णालय गाठावे. चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा मुंबईसारख्या शहरात २१ ऑक्टोबर २०१२ रोजी डेंग्यूनेच गेले.

निदानासाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम तपासणी करतात. दिवस चुकला, तर अहवाल निगेटिव्ह येऊनही रोग असू शकतो. आयजीएम एलायझाचे संच आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात, ही अभिमानाची गोष्ट. आपण मात्र केवळ प्लेटलेटचा आकडा फोनवरून एकमेकांना कळवत बसतो! एकच बाजू पाहून वही मिटणाऱ्यास ताळेबंद कसा कळणार? त्याच अहवालात हिमॅटोक्रिट असते. प्लेटलेट घसरत असताना ते चढू लागले, तर रक्त घट्ट होत आहे असे समजावे.

आपल्या समाजाने एका गोष्टीचा विशेष विचार करावा. पर्युषण याच दिवसांत येते. अठ्ठाई करणाऱ्याची ग्लानी आपण तपाची समजतो. सोबत ताप असेल वा नुकताच उतरला असेल, तर चौविहार चालू ठेवावा काय, हे त्याच दिवशी डॉक्टरांना व गुरुमहाराजांना विचारावे. कारण या रोगावर विषाणू मारणारे खास औषध नाही, शरीरातील पाणी सांभाळणे हाच मुख्य उपचार. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मात्र घेऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

जय जिनेंद्र.