चार्ज घेणाऱ्याला साथ हवी : स्वागताध्यक्षीय भाषण



 महाड आणि पोलादपूर तालुक्यांची ही भूमी रायगडाच्या पायथ्याची, सावित्रीकाठची आहे. पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. महाड तालुक्यातल्या नाते गावी १८९६ साली चिंतामणराव देशमुख जन्मले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

शाळांचा विचार करताना मला मात्र महाडचे चवदार तळे आठवते. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या कराव्यात, असे त्यात म्हटले होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले करण्याचा ठरावही केला. तो अमलात आला २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले तेव्हा. ठराव सरकार करते. तो खरा करायला माणसे पुढे यावी लागतात. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो आपल्या वाड्यांवर खरा करणारी माणसे कोण आणि त्यांच्या पाठीशी कोण, याचा विचार करण्यासाठी ही परिषद भरवली आहे.

या कायद्याच्या निकषाप्रमाणे प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पटसंख्या १५० च्या वर गेली तरच. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. आपल्या डोंगरातल्या कोंडांवर, आदिवासीवाड्यांवर आणि धनगरवाड्यांवर दोनशिक्षकी शाळाच अधिक. तिथे सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे मुख्याध्यापकाचा चार्ज येतो. सकाळी त्याने खिचडीचे तांदूळ मोजून द्यायचे, पोषण आहाराची नोंद करायची, रेंज मिळेल त्या बांधावर जाऊन ऑनलाइन माहिती भरायची, तालुक्याचे टपाल घेऊन बैठकीला जायचे. त्या दिवशी चारही वर्ग दुसऱ्या शिक्षकापुढे एकत्र बसतात. दिवाळीनंतर एखादे कुटुंब वीटभट्टीला निघाले, तर मूल मागे राहावे म्हणून आजीची समजूत घालायलाही तोच जातो. पावसाळ्यात दरडीची भीती असते. २०२१ च्या जुलैत तळीये, केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळून काय घडले, हे आपण विसरू शकत नाही. ही शाळा चालवणे म्हणजे नेतृत्वच आहे. पण त्याचे शिक्षण चार्ज घेण्याआधी आपण कुणाला देत नाही.

हे नेतृत्व घडवायचे ठिकाण आपल्याकडे आहे : आसपासच्या शाळांचे केंद्र. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. परिपत्रके वाचण्यात ती संपू नये. निम्मा वेळ यजमान शाळेच्या वर्गात बसावे, पाठ पाहावा, कुठल्या मुलाला अजून वाचता येत नाही आणि का, यावर बोलावे. आंबेनळी घाट चढून गेले की सातारा जिल्हा लागतो. तिथल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने जिल्हा परिषदेच्या शाळा बदलल्या आणि राज्यभरातून शिक्षक त्या पाहायला गेले. एका शाळेने एकटीने केलेले ते काम नव्हते. अख्खे बीट एकत्र शिकत होते.

दुसरी गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची. कायद्याने तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. बैठक सकाळी अकराला ठेवली, तर भातलावणीला गेलेली आई येणार कशी? बैठक तिच्या सवडीने घ्या आणि सहीपुरते न बोलावता तिचे म्हणणे नोंदवा. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रामविकास मंडळांनी वाडीच्या देवळासाठी नेहमीच सढळ हात ठेवला आहे. तोच हात शाळेच्या छपराला आणि पुस्तकांनाही लागावा.

 परिषदेचे समारोपाचे ठराव आपण थोडेच करूया, पण प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहूया. पहिला ठराव मीच सुचवतो : येत्या जूनपासून नव्याने चार्ज घेणारा एकही शिक्षक एकटा पडू नये. केंद्रातल्या एका अनुभवी मुख्याध्यापकाने वर्षभर त्याचा सोबती व्हावे. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी आजच आपले नाव केंद्रप्रमुखांकडे द्यावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.