बियाणं कशात भरता?

तूर, हरभरा आता खळ्यावरून घरात आला असेल. त्यातला टपोरा दाणा बियाण्यासाठी बाजूला काढायचे हे दिवस. तो कशात भरायचा, यावर आज बोलू.

तुरीचा दाणा तळहातावर घेऊन उजेडात पाहा. त्यावर बारीक पांढरा ठिपका घट्ट चिकटलेला असेल, तर ते भुंगेऱ्याचं अंडं. अळी त्याच्या तळातूनच दाण्यात शिरते, त्यामुळे वरून काही कळत नाही. उबदार हवेत महिनाभरात गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो आणि पुन्हा अंडी घालतो. या किडीची सुरुवात बऱ्याचदा शेतातच, वाळत्या शेंगांवर होते. म्हणजे पोत्यात ती आपणच भरून आणतो.

तागाच्या पोत्यात तिला हवा मिळते. शिवाय पावसाळ्यात दाणा दमट हवेतला ओलावा ओढून घेतो. तुरीचं बियाणं जूनमध्ये पेरलं जातं, पण हरभऱ्याला ऑक्टोबरपर्यंत थांबायचं असतं. सगळा पावसाळा त्याच्या अंगावरून जातो. म्हणून हरभऱ्याला हवाबंद कोठीच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. कोठी काठोकाठ भरा आणि झाकणाची फट बुजवा. आतला प्राणवायू किडी आणि दाणे मिळून वापरून टाकतात, मग कीड वाढत नाही, मरते. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या चवळीसाठी अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तीन पदरी पिशवी तयार केली, तीही याच तत्त्वावर. आत प्लॅस्टिकचे दोन पदर आणि बाहेर विणलेलं पोतं. मात्र सारखं उघडून ‘जरा बघते’ म्हटलं, की नवी हवा आत गेलीच.

आपल्या आज्या मडक्यात कडधान्य भरून वर राख घालत. राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंगेऱ्याला फिरता येत नाही. थोडं बियाणं असेल तर आजही हे करावं.

पण हवाबंद भांडं दाणा वाळवत नाही. ओलसर बियाणं त्यात कोंडलं तर बुरशी येते, कोंब मरतो. प्रमाणित कडधान्य बियाण्याला साध्या पोत्यात 9 टक्के ओलावा चालतो, हवाबंद भांड्यात 8 टक्केच. दाणा दातांखाली कट्‌कन फुटला पाहिजे. उन्हातून काढल्यावर तो गार होऊ द्या, मगच भरा. गरम भरलात तर झाकणाखाली पाणी सुटतं.

सोयाबीनच्या बियाण्याची गोष्ट मात्र वेगळी, त्याचं साल फार नाजूक. हे बियाणं घरी तागाच्या पोत्यात, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. थप्पी सात फुटांच्या वर नको आणि पोती आपटू नका.

पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा आणि कोंब मोजा. सोयाबीनचे सत्तरांहून कमी उगवले, तर एकरी बियाणं वाढवा. फारच कमी उगवले, तर ते बियाणं पेरू नका.