गेम अडकतो तेव्हा ग्राफिक्स कार्डाआधी काय पाहावं?



अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि पाऊसपाण्याचं भाकीत ऐकायला आमच्या जळगाव जामोद तालुक्यात लांबलांबून शेतकरी येतात. त्याच दिवसांत पोरांच्या परीक्षा संपलेल्या असतात आणि गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार ऐकू येते. "भाऊ, गेम लय अटकते. कार्ड बदलावं लागते काय?" या प्रश्नाला माझं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं असतं. ते का, हे आज सांगायचं आहे.

हे कॉम्प्युटर कसे असतात, हे आधी लक्षात घेऊ. कापूस किंवा सोयाबीन विकल्यावर हातात आलेल्या पैशातून बाजूला काढलेल्या रकमेत ते घेतलेले असतात. कुणाकडे २०११-१२ च्या सुमाराचा, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला आणि झाडूनपुसून पुन्हा विकलेला आय-फाइव्ह असतो. कुणाकडे रायझनचा, ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असलेला असेंबल्ड सेट असतो. त्याच मशीनवर बहीण ऑनलाइन फॉर्म भरते, वडील बाजारभाव पाहतात आणि रात्री पोरगा गेम खेळतो. अशा घरात 'नवीन कार्ड घ्या' हा सल्ला देणं फार सोपं आहे, पण त्याचा भार कुणावर पडतो याचा विचार करूनच तो द्यायला हवा.

दोष नेटचा की कॉम्प्युटरचा, हे सगळ्यात आधी ठरवा. समोरचा खेळाडू इथला एकदम तिथे उडतो, गोळी लागूनही लागत नाही, पण तुम्ही मान वळवली की चित्र मात्र न अडखळता फिरतं, तर तो नेटचा दोष. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणाऱ्यांकडे हे रोजचं आहे आणि त्यावर ग्राफिक्स कार्ड हा उपाय नाही. उलट एकट्याने खेळायच्या, नेट न लागणाऱ्या गेममध्येही चित्र अडखळत असेल, तर दोष मशीनमध्ये आहे.

मग पुढचा प्रश्न विचारा. गेम सुरुवातीपासून अडकतो की दहा-पंधरा मिनिटांनी? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, कारण अर्धं निदान त्यातच होतं. सुरुवातीला बरा चालणारा गेम थोड्या वेळाने बसत असेल, तर बहुतेकदा आत उष्णता साठलेली असते. ठरावीक तापमान गाठलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. आजच्या बहुतेक प्रोसेसरांची ही मर्यादा ९० ते १०० अंश सेल्सियसच्या घरात असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचा चालू वेग दिसतो. गेम अडकत असताना साडेतीन गिगाहर्ट्‌झचा आकडा दीडवर आलेला दिसला, तर कारण सापडलंच. तापमान पाहायला एचडब्ल्यूमॉनिटरसारखं फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं.

इथे आपल्या भागाचा हिशेब वेगळा पडतो. यूट्यूबवर कॉम्प्युटरची चाचणी दाखवणारा माणूस बहुधा एसीच्या खोलीत, २४-२५ अंशांत बसलेला असतो. त्याचा प्रोसेसर ७५ अंशांवर थांबतो, म्हणजे खोलीपेक्षा ५० अंशांनी जास्त. तोच सेट सातपुड्याच्या पायथ्याशी, मे महिन्यात, टिनाच्या खोलीत ठेवा. खोलीच ४२ अंशांवर असते. त्यात ५० मिळवा, ९२ झाले. मशीन तेच, गेम तोच, तरी वेग उतरला. यात पोराची चूक नाही आणि विकणाऱ्यानेही फसवलेलं नाही. पण मशीन घेताना हा हिशेब कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे कॅबिनेट घेताना पुढे दिवे किती आहेत हे पाहतात. त्यापेक्षा पुढची बाजू जाळीची आहे का आणि हवा आत ओढणारा पंखा आहे का, हे पाहायला हवं. पुढे काच आणि आत हवेला वाटच नाही, असं कॅबिनेट विदर्भात घेऊ नये.

दुसरं कारण धूळ, आणि तीसुद्धा आमच्याकडची. कापसाच्या हंगामात घरात गंजी लागलेली असते. त्याच खोलीच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर असतो. असं कॅबिनेट उघडलं की प्रोसेसरवरचा पंखा वरून स्वच्छ दिसतो. चार कोपऱ्यांच्या खुंट्या फिरवून पंखा हीटसिंकसकट उचला आणि दोन्ही वेगळे करा. पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये करड्या रंगाची, नमद्यासारखी घट्ट थापी बसलेली असते. चिमटीत धरून ओढली तर ती अख्खी निघते. तिच्यात कापसाचे तंतू असतात, सोयाबीनच्या कुटाराचा भुसा असतो, स्वयंपाकघरातल्या फोडणीचा चिकटपणाही असतो. पंखा जोरात फिरत होता, आवाज करत होता, पण हवा खाली पोचतच नव्हती. खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती पुसून, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी नवी पेस्ट लावायची. शे-दोनशे रुपयांच्या नळीत अनेक मशीन होतात. या एवढ्या कामाने १० ते १५ अंश उतरलेले मी पाहिले आहेत.

सफाई करताना मात्र जपा. काही पोरं कॅबिनेट उचलून पंक्चरच्या दुकानात नेतात आणि टायरच्या हवेने धूळ उडवतात. त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, ते हवेबरोबर बोर्डावर जातं. दाबही नको इतका असतो. त्यापेक्षा मऊ ब्रश आणि साधा ब्लोअर बरा. वायर काढून ठेवा आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, ते वाऱ्यावर भन्नाट फिरू देऊ नका.

कूलरबद्दलही सांगतो. कोरड्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलर खोली चांगली थंड करतो आणि त्याचा फायदा मशीनलाही होतो. पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. आपला तालुका खारपाणपट्ट्यातला. कूलरच्या जाळीवर आणि गवतावर पांढरा थर कसा चढतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. झोताबरोबर येणारे बारीक थेंब तोच क्षार बोर्डावर नेऊन ठेवतात आणि पितळी टोकं गंजतात. खोली थंड होऊ द्या, मशीन मात्र झोताच्या बाजूला ठेवा.

विजेचा दोष ओळखायला सोपा आहे. गेम अडखळत नाही, पण ऐन रंगात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तेव्हा एसएमपीएसवर, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घ्यावा. कॅबिनेटबरोबर फुकटात येणाऱ्या एसएमपीएसवर छापलेले ४५० वॅट प्रत्यक्षात मिळतील याचा भरवसा नसतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, त्यावर कार्डवाला कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून बोजा पडला की तो ओरडतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर गेम राहू द्या, आधी अर्थिंग करून घ्या.

आता सुरुवातीपासूनच अडकणाऱ्या मशीनकडे येतो. इथे मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती रॅमची. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरले आहेत, हे लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त सेटांवर तिथे दोनपैकी एक असं दिसतं. विकणाऱ्याने ८ जीबीची एकच पट्टी घातलेली असते, पुढे वाढवता येईल या विचाराने. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याने फार बिघडत नाही. पण रायझन ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर जगतं. डीडीआर-फोरची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइटपर्यंत माहिती देऊ शकते, तशाच दोन पट्ट्या लावल्या तर ५१.२. म्हणजे एका पट्टीवर ग्राफिक्सची अर्धी वाट बंद असते. त्यातून ८ जीबीमधले एक-दोन जीबी ग्राफिक्ससाठी राखीव जातात आणि उरलेल्यात विंडोज, क्रोम आणि गेम दाटीने राहतात. त्याच जातीची दुसरी पट्टी लावल्यावर काही गेममध्ये फ्रेम दीडपट झालेल्या दिसतात. ज्याला दुकानदाराने कार्ड सुचवलं होतं, त्या पोराचं काम एका पट्टीत होतं.

त्यातही एक गोम आहे. ३२०० लिहिलेली पट्टी लावली तरी बोर्ड तिला बऱ्याचदा २४०० किंवा २६६६ वरच चालवतो. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये जा आणि एक्सएमपी, म्हणजे पट्टीला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. बोर्ड तेवढा वेग देत असेल तर एक पैसाही लागत नाही.

फुकटात होणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. कार्ड घेतलं, पण मॉनिटरची केबल जुन्या सवयीने बोर्डाच्याच पोर्टला लावली, असं पुष्कळदा होतं. मागे पाहा, केबल खालच्या आडव्या पोर्टांमध्ये हवी. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकून घेतल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर राहून जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव दिसलं, तर तुमचं ग्राफिक्स अजून कामालाच लागलेलं नाही. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावूनच खेळावं आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नये. मोबाइलचे गेम एम्युलेटरवर खेळणाऱ्यांनी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का, ते बघावं.

पुढची गोष्ट आईवडिलांनीही ऐकावी. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणारे क्रॅक केलेले गेम आपल्याकडे सर्रास चालतात. २०२१ च्या जूनमध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने 'क्रॅकोनॉश' नावाचा व्हायरस उघड केला. जीटीए फाइव्हसारख्या गाजलेल्या गेमच्या चोरट्या प्रतींतून तो पसरत होता, विंडोजची सुरक्षा बंद करत होता आणि लोकांच्या मशीनवर मोनेरो हे आभासी चलन तयार करत होता. दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्यात सापडले होते. म्हणून कधीतरी काहीही न उघडता टास्क मॅनेजर पाहा. कॉम्प्युटर रिकामा असताना प्रोसेसर किंवा कार्ड ८०-९० टक्क्यांवर असेल, तर तुमच्या विजेवर दुसरंच कुणी कमावतंय. अशा वेळी विंडोज नव्याने टाकणं हाच खात्रीचा मार्ग आहे.

कधी कधी मशीन आहे तसंच असतं, गेम बदललेला असतो. २७ सप्टेंबर २०२३ ला काउंटर-स्ट्राइक टू आला आणि त्याने जुन्या सीएस-गोची जागा घेतली. आदल्या दिवसापर्यंत जुन्या आय-फाइव्हवर मजेत खेळणारी पोरं दुसऱ्या दिवशी अडकली. अशा वेळी सेटिंग उतरवावी लागते आणि त्यात कमीपणा काही नाही. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर वीस लाखांहून जास्त ठिपके असतात, १३६६ बाय ७६८ वर साडेदहा लाखांच्या आसपास. म्हणजे ग्राफिक्सचं काम जवळपास निम्मं झालं. सगळ्यात आधी सावल्या कमी करा, मग प्रतिबिंबं. टेक्श्चर मात्र मेमरी पुरत असेल तर राहू द्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आला. त्या हातात मावणाऱ्या यंत्रात रॅम ४ जीबी आणि पडदा ७२० चा. तरी तो खेळता येतो, कारण करणाऱ्यांनी यंत्राची ताकद ओळखून चित्र बेतलं.

एवढं सगळं करूनही गेम चालत नसेल, तर मी पैसे खर्च करा म्हणेन. गेम चालू असताना ग्राफिक्सचा आकडा ९५ टक्क्यांच्या वर चिकटून असेल, तर कार्ड कमी पडतंय. तो ५०-६० वर आणि प्रोसेसर भरलेला असेल, तर नवं कार्ड घालून काही मिळणार नाही. दोन्ही निवांत असूनही नव्या भागात शिरताना गचके बसत असतील, तर रॅम भरली आहे का ते बघा, नसेल तर जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा. कार्ड घ्यायचंच ठरलं आणि एसएमपीएस साधा असेल, तर जीटीएक्स १६५० सारखं, ज्याच्या अनेक मॉडेलांना वेगळी पॉवर वायर लागत नाही असं ७५ वॅटचं कार्ड बघा. जीटी ७१० ला गेमिंग कार्ड म्हणून कुणी विकत असेल, तर घेऊ नका, ते पडदा चालवण्यापुरतंच आहे. वापरलेलं कार्ड अकोल्याहून आणा, खामगावहून आणा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पण ते दुकानातच मशीनवर लावायला सांगा. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. जुन्या, कमी ताकदीच्या कार्डावर १०५० टीआयचं नाव चढवून विकण्याचे प्रकार झालेले आहेत आणि असं खोटं कार्ड बहुतेकदा या सॉफ्टवेअरला ओळखता येतं. त्यानंतर तिथेच वीस मिनिटं एखादा जड गेम चालवून बघा, तापमान लिहून घ्या, आणि मगच पैसे द्या.