दुसऱ्या चित्रानंतर

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



अत्याचार झालेली बाई आपण चित्रात कशी दाखवतो? आपल्या पोस्टरवर ती बहुधा गुडघ्यात डोकं घालून कोपऱ्यात बसलेली असते. केस मोकळे, चेहरा झाकलेला. मी आज बर्लिनमधल्या एका संग्रहालयाबद्दल बोलणार आहे, कारण तिथे हा प्रश्न मला नव्याने पडला.

हे संग्रहालय एकाच चित्रकर्तीचं आहे. केथे कोलवित्झ, जन्म १८६७, मृत्यू १९४५. तिचा नवरा कामगारवस्तीत डॉक्टर होता. दवाखान्यात येणाऱ्या बायांची दुखणी, बेकारी, बाळंतपणं ती रोज जवळून बघत होती. तिने भर दिला तो मुद्राचित्रांवर. पत्र्यावर किंवा दगडावर एकदा चित्र काढलं, की त्याच्या पुष्कळ प्रती छापता येतात, गरिबाच्या हातीही पडतात. विणकरांच्या उठावावरच्या तिच्या चित्रमालिकेसाठी १८९८ मध्ये परीक्षकांनी पदकाची शिफारस केली, ती सम्राटाने फेटाळली. गंमत बघा, २०२२ पासून तिचं हे संग्रहालय बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्याच्या एका इमारतीत आहे!

तिथे १५२५ च्या शेतकरी उठावावरची सात चित्रं आहेत. १९०२ ते १९०८ या काळात केलेली. पहिल्यात माणसं बैलांसारखी नांगराला जुंपलेली आहेत. दुसऱ्यात बलात्कारानंतर एक बाई स्वतःच्या तुडवलेल्या बागेत पडली आहे. या चित्रापाशी मी बराच वेळ उभी होते. पण खरी हादरले ती तिसऱ्यापाशी. तिथे एक बाई एकटीच, लांब पात्याच्या विळ्याला धार लावते आहे. डोळे अर्धवट मिटलेले, काहीतरी ठरत असलेलं. पाचव्या चित्रात बाईच हात उंचावून सगळ्या गावाला पुढे लोटते. तिची पाठ आपल्याकडे आहे. सहाव्यात एक आई रात्री प्रेतांमध्ये मुलाला शोधते, सातव्यात कैदी बांधलेले आहेत. म्हणजे कोलवित्झने विजयाचं खोटं आश्वासनही दिलेलं नाही.

आपण बहुतेक वेळा दुसऱ्या चित्रापाशीच थांबतो. आपले अहवाल, पथनाट्यं, वर्तमानपत्रांना दिलेली निवेदनं, सगळीकडे ती पडलेलीच राहते. किंवा मग एकदम पाचव्यावर उडी मारतो आणि कालपर्यंत बोलू न शकणाऱ्या बाईच्या हाती माईक देतो. मधलं तिसरं चित्र कुणाला दिसत नाही. ती विचार करत असते. कोर्टाची तारीख, रेशनकार्डावरचं नाव, मुलांची शाळा, माहेरी किती दिवस राहायचं, तक्रार मागे घ्यायची की नाही. तिथे घोषणा नसतात, फोटो काढण्यासारखंही काही नसतं. आपलं खरं काम मात्र तिथेच आहे: तिच्या शेजारी बसणं, घाई न करणं, आणि तिचा निर्णय तिलाच घेऊ देणं.

म्हणून एक सुचवते. पुढचं पोस्टर करायला बसाल तेव्हा आपल्या केंद्रात येणाऱ्या बायांना आधी विचारा, "तुमचं चित्र काढायचं तर तुम्ही त्यात काय करत असाल?" त्या जे सांगतील, ते काढू या.